खिशातला फ्यूज

१९८३ साली तिच्या नवऱ्याने बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन स्वतःच बसवायचं मनावर घेतलं. तो होता शिंपी. सासरे म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, आंघोळीपुरत्या भिंती तरी ठेवा," आणि आरामखुर्चीत डोळे मिटून पडले.

घरचा नियम एकच होता. विजेचं काम करणाऱ्याने मेन फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचा. नवऱ्याने तो काढला, पॅसेजमधला दिवा विझलेला बघितला आणि मगच स्टुलावर चढला. तिने खालून स्टूल घट्ट धरलं. फरशी अजून ओलीच होती.

"आटपा ना लवकर."

"घाईत कॉलर शिवली की गिऱ्हाईकाची मान आवळते, माहितेय ना?"

बोर्डाकडून थेट आलेली वायर त्याने ओढून घेतली आणि टोक सोलायला थेट दातांकडे नेलं.

"अहो, पक्कड आहे ना!"

"दोरा तोडायला कधी पक्कड लागली का मला?"

दाढेत वायर धरून तो असं बोलतो आहे, तोच पॅसेजमधला दिवा लागला.

ओरडावं तर तो दचकून दात आवळणार. स्टूल ओढावं तर ओल्या फरशीवर आपटणार. खोकल्याचं औषध पाजताना ज्या आवाजात ती त्याला सांगायची, नेमका तोच आवाज तिने काढला.

"अहो, आ करा."

त्याने मुकाट्याने आ केला.

"आता वायर सोडा. हळूच."

वायर सुटली, लोंबकळत नळाला टेकली. फाडकन ठिणगी उडाली आणि पॅसेजमधला दिवा पुन्हा विझला.

"परत गेली!" बाहेरून सासरे करवादले. "डुलकीतून उठलो तर रेडिओ मुका. आत्ताच ड्रॉवरमधला जादाचा फ्यूज लावला होता मी!" मग ते दारात आले. स्टुलावर मटकन बसलेला मुलगा आणि नळाला टेकलेली वायर त्यांना दिसली.

फॅन दुसऱ्या दिवशी वायरमनने बसवला. सासरे त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण "कोण कुठे आहे रे?" असं घरभर विचारल्याशिवाय त्यांनी बोर्डाला हात लावला नाही. घरात एकटे असले तरी विचारायचे. नवऱ्याने पुढे दोरासुद्धा कात्रीनेच कापला. म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात, झोपेतच गेला. त्या दिवशी त्याच्या खिशात राहिलेला तो पांढरा फ्यूज तिच्या बटणांच्या डब्यात आहे. सून विचारते, "आई, हे बटण कुठल्या कोटाचं हो?"

"तुझ्या सासऱ्यांच्या," ती म्हणते आणि डबा बंद करते.