घुबडवाली बाटली

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला पुढून एक भोक राहील आणि श्वास तिथून चालेल. बाबा मान डोलावत ऐकत होते, एखादं गिऱ्हाईक खिडकीची मापं सांगत असावं तसे. जन्मभर काच कापण्याचा धंदा केलेला माणूस. मापं एकदा ऐकली की बस. मग घोगऱ्या आवाजात त्यांनी एवढंच विचारलं, "आणि वास?"

"नाकातून हवाच जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "वास जवळजवळ जाईल. त्याच्याबरोबर चवही बरीचशी."

बाहेर आल्यावर बाबा लेकीला म्हणाले, "आवाजाचं काही नाही गं. तसंही घरात मला कोण बोलू देतं? पण नाकाला हात लावायला नको होता."

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी ठरली. लेकीने त्याच संध्याकाळी घुबडवालीचा शोध सुरू केला.

घुबडवाली म्हणजे एक बर्बन. मक्याची दारू, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली. लेबलावर फांदीवर बसलेलं घुबड. ती गाळणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे उरल्या त्या बाटल्या उरल्या. बाबांना ती आयुष्यात एकदाच मिळाली होती आणि त्यांनी ती सुतारकाकांबरोबर संपवली होती. सुतारकाका म्हणजे शेजारच्या गाळ्यातले सुतार. सख्खे नव्हेत, पण भांडायचे सख्ख्यासारखे. दोघांची वाटणी ठरलेली. बाटली बाबांनी शोधायची, सिगार सुतारकाकांनी, आणि जोडी जमते की नाही हे दोघांनी मिळून ठरवायचं. बाटली संपली की बाबा काच कापायच्या हिऱ्याने तिच्या बुडाशी खूण कोरायचे. जोडी जमली असेल तर बारीकसं वर्तुळ, फसली असेल तर फुली.

घुबडवालीच्या नशिबी फुली आली होती. काकांनी त्या दिवशी आणलेली सिगार इतकी दांडगी निघाली, की ढोलापुढे बासरी वाजावी तसं झालं. पुढे काकांना हवी तशी सिगार मिळाली, फिक्या पानाची, मऊ, सावकाश जळणारी. पण तोवर बाटली रिकामी. "सोयरीक जमली तर नवरी पळाली," काका म्हणायचे. मग काकाही गेले. त्यांनीच घडवलेल्या सीडरच्या सुवासिक लाकडी पेटीत ती एक सिगार राहिली, आणि पेटीतली ओल कमी होऊ नये म्हणून बाबा तिला पाणी दाखवत राहिले.

काकांचा आणखी एक नियम होता. रिकामी बाटली फोडायची. "असली बाटली तशीच सोडलीस, तर कुणीतरी तिच्यात भलतंच भरून विकतो. भूत होऊन परत येते ती." बाबा नुसते हसायचे. हातून चुकून चांगली काच फुटली तर त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे. मुद्दाम फोडणार कुठून? बाटल्या दुकानाच्या खिडकीत ओळीने उन्हात उभ्या राहायच्या. दुकान विकलं तेव्हा भंगारवाल्याने सगळ्या नेल्या. एकीला टवकासुद्धा उडू दिला नाही म्हणून बाबांनी त्याला शाबासकी दिली होती.

लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. बाबा तिला पंतोजी म्हणायचे. चुका शोधायची सवय असलेल्या माणसाला दुसरं काही शोधणं जड जात नाही, असा तिचा समज होता. कामावरून सुटली की ती फोनला बसायची. जुने दारूविक्रेते, लिलाववाले, मोडीत निघालेली हॉटेलं, कुणाच्या तरी वारलेल्या सासऱ्याचं कपाट. काही ठिकाणी ती स्वतः जाऊन आली. घरात पाऊल टाकलं की आतून हाक यायची, "घुबड दिसलं?"

"नाही."

"दिवसा कुठून दिसणार?"

रोज तोच विनोद. आवाज मात्र रोज थोडा खाली.

शेवटी एका बंद होऊ घातलेल्या बारच्या मालकाकडे ती सापडली. भल्यामोठ्या मिशा, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, भिंतीवरच्या आरशाला विक्रीची चिठ्ठी. त्याने कापडात गुंडाळलेली बाटली काउंटरवर ठेवली. लेकीने भिंग काढलं.

"ताई, लग्नाचा मुलगा बघताय की बाटली?"

"मुलगा असता तर एवढं बघितलं नसतं. कुठून आली ही?"

"एका म्हाताऱ्याच्या कपाटातून. सगळ्याच जुन्या बाटल्या म्हाताऱ्यांच्या कपाटातून येतात."

तिने बाबांनी शिकवलेलं सगळं तपासलं. बुचावरची लाख अखंड होती. दारू मानेपर्यंत होती. लेबलाची कड जुन्या कागदासारखी पिवळी पडलेली. तिने लेबलावरचं अक्षर न् अक्षर वाचलं, दोनदा, आणि एकही चूक निघाली नाही. घुबडाचा डोळासुद्धा जागेवर.

किंमत तिच्या आवाक्याबाहेरची होती, पण तिने घासाघीस केली नाही.

"उभीच न्या," मिशीवाला म्हणाला. "आडवी ठेवली तर दारू बुचाला खाते."

"माहीत आहे. मी त्यांचीच मुलगी आहे."

कुणाची, ते त्याने विचारलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी बसले. टेबलावर बाटली, दोन ग्लास, सीडरची पेटी. लेकीने एकदा म्हणून पाहिलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"घर जळून गेलं. आता विडीची काडी कशाला विझवू?"

दोघा मित्रांची रीत अशी होती, की आधी सिगार. थोडी तिची तिला जळू द्यायची, तोंडात तिची ओळख होऊ द्यायची, मग दारूचा पहिला घोट. बाबांनी टोक कापलं, लांब काडीने पान चहूबाजूंनी तापवलं, हळूच पेटवलं. एकदा पेटली की सिगारेला परतीची वाट नसते. विझवून पुन्हा पेटवली तर तोंडात राख उरते. धूर खिडकीकडे गेला. बाबांनी डोळे मिटले. "सुतारा," ते पुटपुटले, "जिंकलास लेका."

मग त्यांनी खूण केली. लेकीने लाख फोडली, बूच काढलं, ओतलं.

बाबांनी ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ धरला. घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळताना दुखलं तसा चेहरा केला. पुन्हा वास घेतला.

"काय झालं?"

"काही नाही."

"बाबा."

"काहीच येत नाही गं. जळकी साखर, आणि नुसता जाळ." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सोमवारची वाट बघायला नाक तयार नव्हतं वाटतं. गेलंय आधीच."

लेकीने आपला ग्लास उचलला. तिला जाळच लागला, पण तिला कधीच दुसरं काही लागत नसे. ती म्हणाली, "जरा वेळ उघडी राहू दे. हवा लागली की खुलते ना?"

"हो, खुलते," बाबा म्हणाले. तिची समजूत घालावी तसं. सिगार बोटांत जळत होती. दुसऱ्या हाताने त्यांनी बाटली उचलली, काचवाले उचलतात तशी, बुडाखाली तळहात देऊन. अंगठा बुडावरून फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला. त्यांनी बूच घट्ट बसवलं, बाटली उजेडासमोर तिरकी धरली.

"पंतोजी, इकडे या. हे वाचा."

काचेच्या बारीक खडबडीत नक्षीत, केसाएवढ्या दोन रेघा. एकमेकींना छेदणाऱ्या.

तिला क्षणभर काहीच कळेना. मग कळलं. ही बाबांनीच कोरलेली फुली. अख्खं लेबल वाचलं होतं तिने. पण खूण तर संपलेल्या बाटलीला. बंद बाटलीचं बूड कोण बघतो?

बाबा हसायला लागले. घशातून हसू धड येत नव्हतं, खोकला मधे येत होता. "म्हणजे माझं नाक शाबूत आहे!" ते म्हणाले. "अगं, बरोबर सांगितलं त्याने! यात काहीच नाही, तर काहीच नाही म्हणालं!" डोळे पुसत ते दोन क्षण खरोखर खुशीत होते. मग त्यांची नजर सिगारेवर गेली. ती जवळजवळ अर्धी जळली होती.

"मी दुसरी कुठली तरी बाटली बघते," लेक म्हणाली. "आत्ता. जवळच्या दुकानात…"

"बस. धूर वाया चाललाय."

ते ओढत राहिले. मधेच एकदा घोटभर पाणी मागितलं. "चांगली आहे," म्हणाले. सिगार बोटांना चटका लागेपर्यंत पुरली.

त्यानंतर त्यांनी हातोडी मागितली. लेकीने दारू मोरीत ओतली, बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि मागच्या दगडी पायरीवर ठेवली. बाबा वाकून बसले, हातोडी उचलली, तशीच धरली. मग खाली ठेवली.

"तू फोड."

"बाबा, राहू दे ना."

"उद्या आणखी कुणाची तरी लेक भिंग घेऊन जाईल. फोड."

ती गुडघ्यांवर बसली.

"डोळे सांभाळ," बाबा म्हणाले.

लहानपणी ती दुकानात खेळत असायची, तेव्हा काच तोडण्याआधी ते हेच म्हणायचे. तेव्हा आवाज गाळ्याच्या टोकापर्यंत जायचा. आता टॉवेलापर्यंत जेमतेम पोचला.

पहिल्या घावाला बाटली फुटली नाही. जुनी काच, जाड बूड.

"जोर लाव. आणि डोळे सांभाळ."

तिने तोंड बाजूला फिरवलं आणि तो आवाज पुन्हा एकदा यावा म्हणून दुसरा घावही हळूच घातला.