काउंटरवरची दोन स्टुलं

सिद्धेशने हात उचलला की समोरच्याचा जबडा तरी जायचा, नाहीतर बरगडी. माझ्या भावाला मधलं काही येतच नव्हतं. चाकणला तो ज्या कंपनीत कंत्राटी कामाला होता, तिथल्या मुकादमाने त्याला आईवरून शिवी दिली. सिद्धेशने त्याला लोखंडी रॅकवर असा आपटला, की पुढे कितीतरी दिवस त्या माणसाला नळीने दूध पाजावं लागलं. मला विचाराल तर त्याची तीच लायकी होती. पण मला कोण विचारतंय? जामिनावर सुटल्यावर पोलिसांनी सिद्धेशकडून वर्षभर नीट वागण्याचा बाँड लिहून घेतला. या वर्षात कुठे हाणामारीत सापडला की थेट येरवडा. तेव्हापासून तो घरी आला की आई आधी त्याचे हात बघायची आणि मग ताट वाढायची.

आणि तो खरंच सुधारला होता. शेजाऱ्याने दारात गाडी आडवी लावली तरी हा गप्प. त्याला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचं काम मिळालं, तेव्हा मीच म्हटलं, चल, तुला रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी शेवया, खायला घालते.

मी सीटबेल्टच्या कंपनीत तपासणीला आहे. आमचे जपानी साहेब रामेनसाठी चिंचवडच्या एकाच हॉटेलचं नाव घेतात. चाकणच्या गेस्ट हाऊसमध्ये जपानी इंजिनिअरांना रांधून घालणाऱ्या आचाऱ्याने ते काढलंय. कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून रविवारी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. आत एक लांब काउंटर आणि मोजकी टेबलं. बाहेर फुटपाथवर रांग. दारात मिनल नावाची मुलगी मोबाईलवर नावं लिहून घेते आणि जागा झाली की आडनाव घेऊन ओरडते.

उन्हात उभं राहून राहून आमचे पाय भरून आले. मागे गुलाबी कुर्ती घातलेली एक बाई होती. बरोबर नवरा आणि दोन मुली. धाकटीने भोकाड पसरलं तेव्हा सिद्धेशने तिला खांद्यावर घेतलं आणि काचेतून आतला आचारी दाखवला. "बघ, मामा केवढ्या लांब शेवया करतोय." पोरगी हसली. बाई म्हणाली, "किती चांगले आहेत हो तुमचे भाऊ." माझ्या भावाला चांगला म्हणणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

आमचा नंबर जवळ आला आणि सनी आला.

सनी गावठाणातला. त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात दिवाळीपर्यंत लटकत असतात. गाडी रस्त्यातच सोडून तो तीन पोरांना घेऊन सरळ दाराशी गेला.

"दादा, नाव लिहून थांबावं लागेल," मिनल म्हणाली.

"माझं नाव लिहावं लागतंय व्हय?" सनी हसला. पहिल्या नंबरवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी तोंड उघडलं मात्र, सनीने त्यांना खांद्याने असा धक्का दिला की ते फुटपाथवर आपटले. चष्मा नाल्यात गेला. एवढी मोठी रांग, पण एक माणूस बोलला नाही. सगळ्यांना आपापला नंबर प्यारा.

सिद्धेशच्या मानेची शीर टरारली. त्याने म्हाताऱ्यांना उचलून उभं केलं, चष्मा नाल्यातून काढून, पुसून दिला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, चल ना. समोर मिसळ खाऊ."

"का म्हणून? एवढा वेळ काय झक मारली का इथे?"

"ताई, प्लीज."

त्याचं ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात जाळ झाला होता. तेवढ्यात आतून दोघं उठले, म्हातारे तर घराकडे चालू लागले होते आणि मिनलने सनीकडे न बघता हाक मारली, "सोनकांबळे, दोन जण!"

"सोनकांबळे?" सनी पोरांकडे वळून म्हणाला. "आयला, आता ह्यान्लाबी जपानी लागतंय." पोरं खिदळली. आडनाव ऐकून हसणारी माणसं मला नवीन नाहीत. मी सिद्धेशचं मनगट धरलं आणि त्याला आत ओढलं. सनीही पोरांना घेऊन आमच्या मागोमाग शिरला. त्याला कोण अडवणार?

काउंटरच्या टोकाची दोन स्टुलं आमची होती. मातीची जाड, जड वाडगी समोर आली. वर अर्धं अंडं, कांद्याची पात, आणि रस्सा असा की वाफेनेच भूक खवळावी. सिद्धेशने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "ताई, पुढच्या वेळी आईला आणू," म्हणाला. गेले कित्येक महिने मी त्याला इतकं निवांत बघितलं नव्हतं.

"ए, उठ," मागून सनी म्हणाला. "पोरं उभी हायेत."

"भाऊ, पाच मिनिटं. खाऊन उठतो."

सनीने त्याच्या डोक्यात मागून चापट मारली. चापट कसली, पुरा पंजा होता. सिद्धेशचं तोंड वाडग्याच्या काठावर आपटलं आणि ओठ फाटला. अंड्यावर रक्ताचे थेंब पडले. शेजारच्या माणसाने आपलं वाडगं तेवढं बाजूला सरकवलं आणि पुन्हा खायला लागला. मेला!

सिद्धेशने ओठ पुसला. "भाऊ, मला भांडायचं नाही."

"न्हाई भांडायचं?" सनी वाकला आणि सिद्धेशच्या वाडग्यात थुंकला. "हं. खा आता."

सिद्धेश उठला. दोन्ही तळवे उघडे ठेवून उभा राहिला, पोलिसांसमोर उभा राहावा तसा. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. "ताई, चल," एवढंच म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी सनीला जिवंत ठेवू नये असंही वाटलं.

माझं वाडगं भरलेलंच होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि उकळता रस्सा सनीच्या तोंडावर फेकला. तो किंचाळून वाकला, तेव्हा रिकामं वाडगं त्याच्या कपाळावर हाणलं. वाडग्याचे दोन तुकडे झाले. भुवई उघडी पडली, रक्त भळभळ डोळ्यांत उतरलं, कानावर शेवया लोंबत होत्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण त्याची पोरं माझ्यावर आली नाहीत, ती सिद्धेशवर तुटून पडली. बाईने मारलं हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नसावं. एकाने स्टूल त्याच्या पाठीत घातलं. तो पडला, तशा लाथा सुरू झाल्या. पोटात, मांडीवर, तोंडावर. मी एकाच्या दंडाचा लचका तोडला, दुसऱ्याचा गाल ओरबाडला. माझे केस धरून कोणीतरी मला भिंतीवर आपटलं. तिथून मला सिद्धेश दिसत होता. त्या तिघांना त्याने चुटकीसरशी लोळवलं असतं, मला माहीत आहे ना. तो मात्र डोकं दोन्ही हातांत घेऊन, गुडघे पोटाशी ओढून लाथा खात राहिला. मी ओरडले, "सिद्ध्या, मार ना रे!" त्याने मान हलवली. नाही म्हणाला.

पोलीस आले. एक हवालदार आणि एक महिला पोलीस. सिद्धेशला कॉलर धरून उठवला आणि हवालदाराचा चेहरा उजळला. "तूच का? चौकीत हजेरीला येतोस तो? सुधारला नाहीस तर."

"साहेब, त्याने बोट लावलं नाही. मी मारलंय," मी म्हटलं.

हवालदाराने सनीला विचारलं. सनी कपाळाला रुमाल दाबून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोरांकडे. बाईने डोकं फोडलं असं तो गावठाणात कसा सांगणार? "ह्यानंच मारलं," सिद्धेशकडे बोट करून म्हणाला.

"हे बघा माझे हात!" माझे तळवे रस्स्याने भाजून लाल झाले होते. "याचे हात बघा. एक ओरखडा आहे का?"

"सांडला असेल रस्सा. बाजूला व्हा, बाई."

आचारी म्हणाला, मी पातेल्यापाशी होतो, मला काही दिसलं नाही. कॅमेरा बंद आहे म्हणाला. भिंतीवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. जेवणारे वाडग्यात डोकं घालून खात राहिले. पोलिसांनी सिद्धेशला बाहेर नेलं, मी मागे धावले. रांग तशीच उभी होती. गुलाबी कुर्तीवाली काचेला नाक लावून होती, तिने पहिल्यापासून सगळं बघितलं होतं.

"ताई, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही बघितलंत ना?"

तिने तोंड उघडलं. आणि आतून मिनलची हाक आली. तिचंच आडनाव. काउंटर पुसून झाला होता.

"अहो, पोरं केव्हाची भुकेली आहेत," ती माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाली आणि मुलींना घेऊन आत गेली. त्यांना आमच्या दोन स्टुलांवर बसवलं. तिच्या मागची माणसं एक एक पाऊल पुढे सरकली.

सिद्धेशला गाडीत चढवत होते. दारातून मान वळवून तो म्हणाला, "ताई, या वेळी मी नव्हतो, एवढं आईला सांग." तो रडत होता. मुकादमाच्या केसमध्ये, कोठडीत, कुठेच रडला नव्हता.

आईला सांगून काय होणार होतं? मला हवालदाराला सांगायचं होतं, आणि तोंडाने सांगून झालं होतं.

सनी पायरीवर बसला होता, पोरं गाडी आणायला गेली होती. फुटपाथवर कोणाची तरी दुचाकी होती आणि आरशाला हेल्मेट अडकवलेलं. मी ते काढलं, पट्टा मनगटाला गुंडाळला, चार पावलं चालत गेले आणि हवालदाराच्या डोळ्यांदेखत सनीच्या त्याच फुटक्या भुवईवर घातलं. तो आडवा झाला. मी आणखी एक घातलं. दातांचा आवाज आला. आता मात्र सगळ्या रांगेचे मोबाईल वर झाले होते.

"आता दिसलं का, साहेब? की परत मारून दाखवू?"

महिला पोलिसाने माझे हात मागे पिरगळले. मी ओढ दिली नाही. ती हवालदाराला म्हणाली, "साहेब, हीच आहे. ही एवढी माणसं शूटिंग करतायत, आता त्याला नेऊन काय करता?" हवालदार रांगेतल्या मोबाईलांकडे बघत राहिला. मग त्याने गाडीच्या दारावर थाप मारली. "ए, उतर खाली."

सिद्धेश उतरेना. "तिला एकटीला नाही जाऊ देणार. मीच मारलं, लिहा माझं नाव," म्हणून बाकड्याला घट्ट धरून बसला.

सगळं मातीत घालत होता गाढव! मी महिला पोलिसाला म्हटलं, एक मिनिट सोडा. तिने का सोडलं, देव जाणे. मी गाडीत चढले आणि भाजलेल्या हाताने सिद्धेशच्या कानाखाली मारली. एक, मग दुसरी. फाटलेला ओठ पुन्हा वाहायला लागला. त्याला लाथ घातली, शर्टाला धरून फरफटत दारापर्यंत आणलं आणि रस्त्यावर ढकलून दिलं.

तो गुडघ्यांवर पडला आणि तिथूनच माझ्याकडे बघत राहिला. त्याने माझ्यावरसुद्धा हात उचलला नाही.