मेल्या एकदाच्या!

मी उलटा सूक्ष्मदर्शक बोलतोय. उलटा म्हणजे वेडावाकडा नव्हे हो! माझा दिवा वर आणि भिंगं खाली, म्हणून हे नाव पडलं. बाटलीच्या तळाला चिकटलेल्या पेशी मला खालून दिसतात. आणि आज जे दिसलंय ना, ते कधी एकदा सांगतो असं झालंय!

खोक्यातून निघालो तो थेट या प्रयोगशाळेत आलो. आधी विद्यार्थ्यांनी माझे स्क्रू पिळपिळ पिळले, मग दोन वर्षं मी फडक्याखाली पडून होतो. ते फडकं काढलं आमच्या मॅडमनी. त्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर काम करतात. हा रोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. पेशीला ‘आता वाढणं पुरे’ म्हणणारा जो ब्रेक असतो, तोच हा लबाड निकामी करतो. मॅडमच्या औषधाने तो ब्रेक पुन्हा लागायला हवा होता.

दोनदा प्रयोग फसला. कर्करोगाच्या पेशींबरोबर, तेच औषध घातलेल्या शेजारच्या बाटलीतल्या निरोगी पेशींनीही मान टाकली. प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले, “आता शेवटची संधी. या वेळी निरोगी पेशी गेल्या, तर हे औषध बंद.”

आज सकाळी मॅडमनी पहिली बाटली माझ्यावर ठेवली. काल घट्ट चिकटलेल्या कर्करोगाच्या पेशी गोल होऊन तरंगत होत्या! मग दुसरी ठेवली. तिथल्या निरोगी पेशी मजेत हातपाय पसरून बसलेल्या! मॅडम खुर्चीवरून उडाल्याच.

“मेल्या! मेल्या एकदाच्या!”

नेमके तेव्हाच शिपाई मामा नळ्यांचा ट्रे घेऊन दारात आले होते. ते जागीच थिजले.

“मॅडम, मी काय केलं हो?”

“अहो, तुम्हाला नाही, मामा!” मॅडमना हसू आवरेना. “कर्करोगाच्या पेशी मेल्या! आणि चांगल्या जगल्या! या, बघा तरी.”

मामा माझ्यात डोकावले आणि डोळा न काढताच बहिणीबद्दल बोलू लागले. त्यांची धाकटी बहीण याच आजाराने अंथरुणाला खिळली आहे, हे मला तेव्हा कळलं.

“धाकटीला कधी देता येईल हे?”

मॅडमचं हसू ओसरलं. “अजून उंदरांवर बघायचंय, मग माणसांवर. वर्षं लागतील, मामा. तुमच्याशी खोटं नाही बोलणार.”

“आणि तिच्या पोरीला? बारा वर्षांची आहे.”

“तिला औषधाची वाट कशाला बघायला लावता? तिच्यासाठी या विषाणूवरची लस आहे! डॉक्टरांना विचारून लगेच देऊन टाका.”

ट्रे तिथेच ठेवून मामा बाहेर धावले. व्हरांड्यातून त्यांचा फोनवरचा आवाज आला, “दाजी, पोरीला घेऊन या. कारण नंतर सांगतो, आधी निघा!”

वाचकहो, मी अजून धडधाकट आहे, पुढची बाटली बघायला उतावीळ आहे. पण तुमच्या घरातल्या पोरापोरींना वेळेवर लस द्या. या पेशी बघायचं कामच कुणाला उरू नये. मग मला खुशाल मोडीत काढा, मी हूं की चूं करणार नाही.