ऋतुजाच्या वहीतली आई

भवानी पेठेतल्या शाळेत दर शनिवारी दुपारी पालकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू झाला, तेव्हा सगळ्यात आधी नाव घातलं पूनमनं. टॉवेलच्या कडा शिवायचं काम बाजूला ठेवून ती पोरांच्या बुटक्या बाकावर अंग चोरून बसायची. पहिल्या दिवशीच तिनं वर्ग घेणाऱ्या महेश्वर सरांना सांगितलं होतं, "माजी ऋतुजा चौथीत हाय. वहीत काय लिवती ते मला कळंना झालंय. लेक घरात असून परगावी गेल्यागत वाटतंय."

चार महिन्यांत अक्षरं जुळू लागली. एका सकाळी ऋतुजा आंघोळीला गेली आणि पूनमनं तिची वही उघडली. आईवरचा निबंध होता. बोट ठेवून ती एकेक शब्द लावत गेली.

माय मदर इज अ टीचर. शी स्पीक्स गुड इंग्लिश.

आपलंच काहीतरी चुकलं, असं वाटून तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं.

राग यायला हवा होता, पण आला नाही. मोहोळजवळच्या गावात सातवीत तिची शाळा सुटली, मेंढरांमागं जावं लागलं. आपणही खडू घेऊन फळ्यापुढं उभं राहावं, हे मनातलं तिनं नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. पोरीनं न विचारता नेमकं तेच लिहिलं होतं.

ऋतुजा बाहेर आली. वही बघून तिचा चेहरा उतरला.

"तू वाचलंस?"

"व्हय. जरा येळ लागला."

"पुढच्या बाकावरच्या मुलींच्या आया शिकलेल्या आहेत, म्हणून लिहिलं. खोडते मी."

"खोड की. खोटं हाय ते. पर आदी एकदा वाचून दाखव."

"कशाला?"

"तुज्या तोंडनं ऐकायचंय."

ऋतुजानं खालमानेनं वाचलं. पूनम डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिनं स्वतःच खोडरबर पुढं केला. टीचरच्या जागी ऋतुजानं टेलर लिहिलं.

"आन् दुसरी ओळ?"

ऋतुजानं जरा विचार केला. "ती राहू दे. नुसतं गुड खोडते."

लेक शाळेत गेल्यावर पूनम शिलाईला बसली. मशीनच्या आवाजात तिनं ते खोडलेलं टीचरचं वाक्य हळूच म्हटलं. मग पुन्हा म्हटलं.