एकतीस तारखेची गोळी

कायदा करणाऱ्याच्या घरी कॅलेंडर नसावं. नाहीतर त्या जालीम वेदनाशामक गोळ्या ‘एका नावावर, एका महिन्यात तीसच’ असं कुणा शहाण्यानं लिहिलं असतं का? रोज एक गोळी. मग एकतीस तारखेला माणसानं काय करायचं?

हे मला बाईंनी विचारलं. शाळेत मला गणित शिकवायच्या त्या. आता त्यांच्या हाडांत कॅन्सर होता आणि मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे होते. मूठ वळून, बोटांच्या उंचवट्यांवर त्यांनी महिने मोजून दाखवले. “वर्षात एकतीस तारखा सात. फेब्रुवारीत दोन गोळ्या उरतील. बाकीचे पाच दिवस मी काय करू, सांग गधडे?”

सांगणार काय, कपाळ! मी वर अर्ज केला. तीन महिन्यांनी उत्तर आलं: ‘एकतीस तारखेस रुग्णाने सहकार्य करावे.’

बाईंनी केलं सहकार्य. घरी कण्हलं की नात घाबरते, म्हणून त्या एकतीसला दिवसभर माझ्या दुकानातल्या बाकावर बसून रुमाल चावायच्या. गोळी चार हातांवर कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. मे गेला, जुलै गेला. ऑगस्टच्या एकतीसला त्यांच्या दातांखाली रुमाल फाटला आणि माझं डोकं फिरलं. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. एकतीसचं पान मी टर्रकन फाडलं.

“बाई, आज एक तारीख. घ्या तुमच्या तीस गोळ्या.”

बाईंनी कॅलेंडरकडे बघितलं. “उत्तर बरोबर, रीत चूक,” म्हणाल्या, आणि गोळी गिळली.

तेव्हापासून दुकान एक दिवस पुढे. ऑक्टोबरात पुन्हा एकतीस फाडली, डिसेंबरात पुन्हा. तीन दिवस पुढे. एका गिऱ्हाईकानं खोकल्याचं औषध परत आणलं. बिलावरच्या तारखेनं त्याची मुदत संपली होती. म्हटलं, “दादा, इथे संपली. घरी न्या, घरी अजून चांगलं आहे.”

मग तपासणीला साहेब आले. वही, कॅलेंडर, शिक्का, सगळं चोख जुळलं. जुळेना ती साहेबांच्या घड्याळातली तारीख.

“मॅडम, तुमच्या दुकानात आज अठरा आहे. बाहेर पंधरा!”

“महिन्याला तीस, साहेब. त्याहून एक जास्त दिली असेल तर दाखवा.”

साहेब पंचनामा लिहायला बसले. तारीख घालताना अडले. पंधरा घातली, तर वहीतली आजची नोंद अजून झालेलीच नाही. अठरा घातली, तर गुन्हाच नाही. तासभर पेन चावून त्यांनी ‘तारीख: चौकशीत’ असं लिहिलं आणि पाणी मागितलं.

जानेवारीची एकतीसही मी फाडली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाईंचा मुलगा उरलेल्या गोळ्या जमा करायला आला. तसा नियमच आहे.

“आई गेली, ताई. एकतीसला. सकाळी गोळी घेतली, नातीकडून नवाचा पाढा म्हणून घेतला आणि ऐकता ऐकता डोळे मिटले. कण्हली नाही हो अजिबात.”

मी गोळ्या मोजल्या. सव्वीस. कायद्यानं त्या दिवशी बाईंकडे एकही असायला नको होती. पुन्हा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या, पण हुंदका काही आवरेना.

जमा करायच्या फॉर्मवर रकाना होता: शेवटची गोळी कधी घेतली. दुकानाच्या हिशेबानं त्या दिवशी चार तारीख होती. मी ठसठशीत अक्षरात एकतीस लिहिलं आणि खाली सही केली.