बोनेटवरचे डोळे

हमरापूरला गुणाजीच्या कारखान्यातून डोळ्यांशिवाय काही बाहेर पडत नाही. चाळीस वर्षं तो गणपतींची आखणी करतोय. मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे काढायचे, हे त्याचं काम. गणपतीला डोळे, उंदराला डोळे, एकदा तर चुकून मोदकालाही. त्यामुळे जावई जितेश नवी काळी गाडी पूजेला घेऊन आला, नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं, तरी गुणाजीला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. जितेश जेवून, हात धुऊन बाहेर आला तेव्हा बोनेटवरून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. मोठे, पाणीदार, पापण्यांची एकेक रेघ सुटी.

"आता बघते ती," गुणाजी ब्रश पुसत म्हणाला.

जितेश "छान" म्हणाला. सगळी भानगड त्या एका शब्दापासून सुरू झाली.

धाटावला जितेशच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये शिफ्ट सुटली की माणसं गाडीच्या पाया पडून बसकडे जायची. कुणीतरी वायपरखाली जास्वंदीचं फूल खोचून ठेवायचं. गेटवरचा सिक्युरिटीवाला डिकी तपासायच्या आधी चपला काढायचा, मग डिकी तपासायचाच नाही. जितेशला गाडीत बसून साधी शिवी देता येईना. बायकोला सांगावं, तर दिशा म्हणायची, "बाबांनी आजवर कुणाच्या गाडीवर हात चालवलाय? नशीब समजा."

दोन महिने त्याने नशीब समजलं. मग एका बुधवारी दिशा बाजारात गेलेली बघून त्याने तारेची घासणी आणि साबणाची पावडर घेतली आणि डावा डोळा घासून काढला. डोळा गेला. पण त्या जागी ताटाएवढा पांढुरका, धुरकट गोल उठला. तो बघून जितेशने घासणी टाकून दिली आणि उजवा डोळा तसाच राहिला. परिणाम असा झाला, की गाडी रोह्याच्या रस्त्याने सगळ्यांना डोळा मारत फिरू लागली. मासळीवाल्या चंद्रावतीने दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय रं, घरात बायको हाय ना तुला?"

आणि रविवारी संध्याकाळी सासरे येणार होते.

म्हणून रविवारी सकाळी गाडी हर्षदच्या शेडमध्ये उभी होती. हर्षद गाड्यांना पॉलिश करतो. त्याने बोनेटवर दिवा आडवा धरला, तसा एकेक ओरखडा उजळून निघाला.

"दादा, ही घासणी हाय."

"असेल."

"असेल काय, हाय. भांड्याची." त्याने बोट फिरवलं. "रंग वाचलाय. वरचा पारदर्शक थर खरवडलाय फक्त. निघंल."

"ओरखडे भरणार कशाने?"

"भरत नाय. आजूबाजूचं घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचं, मग तो दिसत नाय. पण थर पातळ होतो. असं सारखं सारखं नाय करता येत."

जितेशला ते ऐकून बरं वाटलं नाही. त्याचा बेतही जवळजवळ तसाच होता. ओरखडे घालवायचे, उजवा डोळाही काढायचा आणि सासऱ्यांना सांगायचं, की पॉलिशवाल्याने न विचारता दोन्ही पुसून टाकले.

"म्हंजे माझ्या नावावर?" हर्षद म्हणाला.

"तुला ते कुठे ओळखतात."

हर्षदने मशीन सुरू केलं. पॉलिशच्या पेस्टचे ठिपके, फोमचं पॅड, मग नरम पॅड. अर्धा गोल काळाभोर झाला. त्यात शेडचे पत्रे दिसू लागले, जितेशचा चेहरा दिसू लागला आणि त्याच्या मागे, टोपी घातलेला, गुणाजीचा.

"सकाळच्याच गाडीने आलो," गुणाजी म्हणाला. "दिशा बोलली, हितं हाय."

जितेशच्या तोंडातून पाठ केलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "मामा, याने न विचारताच पुसला बघा."

हर्षदने मशीन बंद केलं. गुणाजी वाकला. उरलेल्या अर्ध्या गोलावरून त्याने नखाची पाठ फिरवली, मग शेजारच्या फळीवरची पॅडं एकेक दाबून बघितली.

"यानं? याच्याकडं येवढी मऊ पॅडं हायेत, आणि ह्यानं घासणी घेतली व्हय?"

गुणाजी स्टुलावर टेकला.

"मलाच सांगायचं ना, जावईबापू."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटतंय? तवा वाटलं असतं तर गाडी तरी वाचली असती."

मग त्याने समोरच्या टपरीवरून तांब्याभर गरम पाणी मागवलं. फडकं भिजवून उजव्या डोळ्यावर ठेवलं. दहा मिनिटांनी फडकं उचलून नखाने कडेचा रंग हलकेच सोडवला. डोळा अख्खा, सालीसारखा निघून त्याच्या तळहातावर आला.

"मूर्तीचाच रंग. पाण्यातला," तो म्हणाला. "गुळगुळीत गाडीवर किती धरणार?"

जितेश त्या तळहाताकडे बघत राहिला. दोन महिने तो डोळा चुकवत गाडी चालवत होता. इतक्या जवळून आज पहिल्यांदा बघत होता. बुबुळात करड्या रंगाच्या तीन छटा होत्या.

"खरं सांगा," गुणाजीने विचारलं, "हात बिघडलाय का माझा?"

"छान" हा शब्द जितेशच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

"नाय मामा. डोळा भारी हाय. पण गाडीला नको होता. लोक पाया पडतात, मला लाज वाटते."

गुणाजीने मान हलवली, बराच वेळ. "पाया पडतात?" त्याने हळूच विचारलं.

"रोज. सिक्युरिटीवाला चपला काढतो."

गुणाजीने ओठ दाबले, पण हसू मिशीतून बाहेर आलंच. तो डोळा त्याने रुमालात घडी करून ठेवला आणि स्टूल बोनेटजवळ ओढलं.

"चालू कर रे," तो हर्षदला म्हणाला. "आणि दिवा जरा खाली धर. हितं एक रेघ राहिलीय तुझी."

"कुठं, काका?"

"हितं. जावईबापू, तुम्ही पण बघा."

जितेश वाकला. त्याला रेघ दिसली नाही आणि तसं त्याने सांगितलं.