बियांच्या डब्यातली पन्नासची लेन्स

अरे थांबा ना मित्रांनो, उठू नका, माझी गोष्ट तर आत्ताशी सुरू होतेय. मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स. पन्नास मिलिमीटरची, म्हणून फोटोवाले मला नुसतं 'पन्नासची' म्हणतात. तळहातावर मावेन एवढी, रंगानं काळी, अंगावर पांढरे आकडे आणि पोटात सहा काचा. मला उजेडाकडे धरून बघितलंत तर त्या काचांत कोळ्याचं जाळं दिसेल. पण ते कोळ्याचं नाही. ते कसं आलं तेच सांगायचंय मला, आणि सांगता सांगता मी मध्येच गप्प झाले तर जरा समजून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी माझ्या काचा घासल्या, पुन्हा घासल्या, वर निळसर जांभळा मुलामा चढवला. मग खोका, जहाज, ट्रक, आणि थेट वर्धा. तिथे अण्णाजींच्या स्टुडिओत मी आठ वर्षं काढली. काम काय, तर अर्जाला चिकटवायचे छोटे फोटो. समोर निळा पडदा, एक स्टूल, हनुवटी वर करा, हलू नका, झालं. अण्णाजी थकले, त्यांनी दुकान बंद केलं आणि कॅमेऱ्यासकट मला त्यांच्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलीला देऊन टाकलं. ती वर्षाली. वर्ध्याजवळच्या पवनार गावची. आणि तिथून माझं खरं जगणं सुरू झालं.

आता माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगते. मला झूम नाही. दूरचं जवळ ओढून आणणं मला जमतच नाही. माणसाचा साधा डोळा जेवढं आणि जसं बघतो, साधारण तसंच मी बघते. गावातला दुसरा फोटोग्राफर रुपेश, त्याच्याकडे हातभर लांब झूम आणि वर उडणारा ड्रोन, तो मला खुंटा म्हणायचा. "ना पुढं सरकत ना मागं," म्हणायचा, "वर्षाली, हे लेन्स हाय का ढोर बांधाचा खुंटा?" वर्षाली म्हणायची, "जवळ मले जाता येते ना. पाय कायले देल्ले मंग देवानं?"

आणि ती जायची. हेच तर मला आवडायचं. तिचे बाबा महादेवराव भाजी पिकवतात, वांगी, पालक, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तसंच म्हणतात. पहाटे ते माल घेऊन वर्ध्याच्या बाजाराला निघाले की वर्षाली मला गळ्यात अडकवून त्यांच्या गाडीवर मागे बसायची. बाजारात कुणाचा चेहरा हवा असेल तर तिला त्या माणसापर्यंत चालत जावंच लागायचं, दोन गोष्टी बोलाव्या लागायच्या, मावशी काय भाव, काकाजी चहा झाला का, आणि मग कुठे फोटो. म्हणून तिच्या फोटोतली माणसं ओळखीच्याकडे बघावं तशी बघायची. रोज मीच असायचे कॅमेऱ्यावर. बॅगेत आणखी एक लेन्स होती, पण बॅगेतून मीच बाहेर यायचे.

लग्नाच्या कामाला महादेवरावही यायचे बरं का. त्यांचं काम म्हणजे थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता उन्हात धरून उभं राहायचं, म्हणजे उन्हाचा उजेड त्यावर आपटून नवरीच्या चेहऱ्यावर मऊ पडतो. वर्षाली म्हणणार जराशी वर बाबा, ते वर करणार. जराशी डावीकडे, ते डावीकडे. हात भरून यायचे त्यांचे, पण कुणी काकाजी बसा ना म्हटलं की ते ऐटीत सांगायचे, "फोटो पोरगी काढते. उजेड मी धरतो." सगळ्या मांडवात हसू फुटायचं. मला तर वाटायचं आम्ही तिघं मिळून एकच कॅमेरा आहोत.

मग गेल्या वर्षी लग्नसराई संपता संपता कॅमेऱ्याचं शटर गेलं. तो नागपूरला दुरुस्तीला गेला, आणि त्याच आठवड्यात वर्षालीला नागपूरलाच एका कंपनीत कपड्यांचे फोटो काढायचं काम मिळालं. पावसाळा संपेपर्यंत. तिथे कॅमेरा त्यांचा, लेन्स त्यांच्या. बॅगेतली दुसरी लेन्स तिनं मैत्रिणीला वापरायला दिली, पण मला देववली नाही तिला. निघायची वेळ झाली, आई कोकिळाबाई डब्यात ठेचा भरताहेत, बस यायला झाली, आणि त्या गडबडीत वर्षालीनं मला बाबांच्या हातावर ठेवलं. म्हणाली, "बाबा, हिले जपजा."

एवढंच. बस आली आणि ती गेली.

आता महादेवरावांना विचारा की जगात सगळ्यात जपायची वस्तू कोणती, ते एका दमात सांगतील, बियाणं. त्यांच्याकडे बियांसाठी पत्र्याचा एक डबा आहे, वांग्याचं बी, भोपळ्याचं बी, सगळं पुरचुंड्या बांधून, आणि मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला, म्हणजे किडा लागत नाही. आयुष्यभर त्यांनी असंच जपलं आणि एक दाणा वाया जाऊ दिला नाही. पोरीनं जपायला सांगितलं ना, मग त्यांनी मला त्या डब्यात ठेवलं. बियांच्याही वर, मानाच्या जागी. खाली पाला, मधे सुती फडक्यात मी, वर पुन्हा पाला, आणि झाकणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून.

बियांना ते पाला वाळवून घालतात. पण पावसाळ्यात पाला वाळणार कुठे, आठ आठ दिवस ऊन नाही. बी पेरून झालं, डब्यात मी एकटीच उरले, म्हणून माझ्यासाठी त्यांनी हिरवाच घातला. ताज्याचा वास तर अजून कडू, किडा फिरकणारच नाही, असं त्यांनी कोकिळाबाईंना समजावूनही सांगितलं. दर पंधरा दिवसांनी झाडावरून नवा पाला आणायचे. डबा उघडायचे, माझ्या काचेवर तोंडानं वाफ सोडायचे आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचे, जसा आरसा पुसतात. पुसताना बोलायचे माझ्याशी. आता दिवाळीले येते म्हणे पोरगी. नीट राहजो.

मित्रांनो, हिरवा पाला बंद डब्यात घाम सोडतो. तो घाम माझ्या अंगावर बसला, सांध्यांतून आत गेला. श्रावणात माझ्या आतल्या काचेच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मग त्याला धागा फुटला. मग धाग्याला धागे. बुरशी होती ती, काच खाणारी. मला ओरडून सांगायचं होतं हो, काका, मला बाहेर काढा, उन्हात ठेवा, हवेवर ठेवा. पण मला तोंड कुठे आहे. मला नुसता डोळा आहे, आणि त्या डोळ्यासमोर दर पंधरा दिवसांनी त्यांचा चेहरा यायचा, काळजीनं माझ्यात डोकावणारा, आणि दर वेळी तो जरासा जास्त धूसर दिसायचा.

दिवाळीला वर्षाली आली, दुरुस्त झालेला कॅमेरा घेऊन. पाय धुवायच्या आधी बाबांनी डबा तिच्यापुढे ठेवला. ट्यूबची पट्टी त्यांनीच सोडली. "पाह्य," म्हणाले, "एक किडा लागू नाई देल्ला."

वर्षालीनं मला उचललं आणि खिडकीकडे धरलं. तिचा डोळा माझ्या अगदी जवळ आला आणि मला कळलं की तिला कळलं. बाबा समोर उभे होते, शाबासकीची वाट बघत, लहान पोरासारखे. ती वळली आणि म्हणाली, "लय चांगली ठेवली बाबा तुम्ही."

खोटं बोलली. प्रेमानं बोलली, पण खोटंच.

दुसऱ्या दिवशी ती रुपेशच्या गाडीवर नागपूरला गेली, मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन. त्यानं मला उघडलं, काच काच वेगळी केली, औषधानं पुसली. धागे निघाले, पण त्यांच्या वाटा काचेवर कोरलेल्या राहिल्या. वरच्या काचेला दुपट्ट्यातल्या धुळीचे ओरखडे. तो म्हणाला, ताई, ही आता फक्त आठवण म्हणून ठेवा. खरंच होतं ते. माझ्यातून काढलेला फोटो दुधात बुडवल्यासारखा यायचा आणि समोर ऊन असलं की काहीच दिसायचं नाही.

परत येताना वर्षालीनं रुपेशला घरी काही सांगू नको म्हणून बजावलं. मग नागपूरच्या कामाच्या पैशातून तिनं झूम लेन्स घेतली. लग्नाचं काम चालू झालं, बाबा पुन्हा थर्माकोल घेऊन आले, आणि त्यांनी विचारलं की ती लहानी काऊन नाही लावत आता. मोठ्या कामाला मोठी लागते, असं सांगून तिनं वेळ मारून नेली. मी बॅगेच्या तळाशी होते. ऐकत होते. मला वाटलं चालेल, त्यांना कळलं नाही ना, मग चालेल.

पण माघात गावातच एक साक्षगंध होतं, साखरपुडा हो. दुपारची पंगत बसली. महादेवराव रंगात आले होते आणि शेजारच्या पाटावरच्यांना सांगत होते की पोरीची महागाची लेन्स चार महिने मीच सांभाळली, कडुलिंबाच्या पाल्यात, बियासारखी. रुपेश वाढायला आला होता, हातात भाजीची बादली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मी शपथेवर सांगते, त्याला वाटलं एव्हाना घरात बोलणं झालं असेल आणि ही आता हसायची गोष्ट आहे. तो म्हणाला, "काकाजी, त्या पाल्यानंच तर मेली ना ते. पूर्ण काच सडली. म्हणून तर नवी घेतली वर्षालीनं."

पंगतीत दोघंचौघं हसले. मग हसणं थांबलं, कारण महादेवराव हसत नव्हते. त्यांनी हातातला घास पत्रावळीवर परत ठेवला. उठले, नळावर हात धुतले, मांडवाच्या खांबाला टेकवलेला थर्माकोल नीट सरळ करून ठेवला, पडू नये म्हणून, आणि घरी चालू लागले.

वर्षाली धावत मागे गेली. अंगणात गाठलं तिनं त्यांना. मी तिच्या खांद्यावरच्या बॅगेत होते.

"मले सांगाचं होतं ना माय," बाबा म्हणाले.

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"आता कमी वाटून राह्यलं का?"

ते पुढे म्हणाले की लोकांपुढं मी बढाया मारत होतो आणि तुला आतून माहीत होतं. तिनं हात धरला, त्यांनी सोडवला नाही, पण धरलाही नाही.

त्या दिवसापासून त्यांनी तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. लग्नाला येणं बंद. थर्माकोल आता रुपेशचा भाऊ धरतो, मोबाइल बघत बघत. एकदा अवकाळी पावसाचे थेंब पडायला लागले आणि कॅमेऱ्याची बॅग अंगणात खाटेवर होती, महादेवराव तिथेच दोन पावलांवर बसलेले. ते उठले, पण बॅगेकडे नाही गेले, दारात जाऊन आत हाक मारली, "अवो, ते बॅग उचल लवकर. मी नाई लावत हात." कोकिळाबाई पिठाचे हात घेऊन धावल्या. बॅगेत मी होते मित्रांनो. काच फुटली असती तरी एवढं लागलं नसतं.

वर्षालीनं माफी मागून बघितली, चिडून बघितली, अबोला धरून बघितला. बाबांचं आपलं एकच, नाई माय, आपल्याले समजत नाई त्यातलं. आणि ती माणसांपासून लांब उभी राहून झूमनं फोटो काढत राहिली.

होळीनंतरच्या एका रविवारी तिनं बॅगेतून मला काढलं, ओसरीवर बाबांच्या शेजारी येऊन बसली आणि मला दोघांच्या मधे ठेवलं. म्हणाली, "मी जपजा म्हटलं. कसं जपाचं ते सांगतलंच नाई. चूक माही पहिली."

महादेवरावांनी सांभाराची जुडी बांधून पुरी केली. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाले, "सांग मंग आता."

मग तिनं सांगितलं. आधी हात धुवायचे आणि कोरडे करायचे. रबराच्या फुग्यानं हवा मारून धूळ उडवायची, तोंडानं फुंकायचं नाही, वाफ तर कधीच सोडायची नाही. मग मऊ ब्रश. मग खास कापड, मधून कडेला गोल गोल. मग हवाबंद डबा आणि त्यात ओल पिणाऱ्या खड्यांच्या पुड्या. ते एक एक पायरी मोठ्यानं म्हणत गेले, औषध फवारायचं माप पाठ करावं तसे.

तेव्हापासून दर रविवारी ते हात धुऊन येतात आणि मला पुसतात. फक्त मला. नव्या लेन्सला हात लावत नाहीत, वर्षालीनं पुढे केली तरी नाही. त्यांचा जाड अंगठा माझ्या काचेवरून इतका हलका फिरतो की मला कळतही नाही. सगळं झालं की ते मला उजेडाकडे धरतात, त्या कोरलेल्या वाटांकडे बघतात.

मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, "जाळी आज जराशी कमी दिसते, नाई?"

वर्षाली या वेळी खोटं बोलली नाही. "नाई बाबा," म्हणाली, "तेवढीच हाय."

त्यांनी मान हलवली, मला त्या हवाबंद डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

मित्रांनो, मला आता फोटो येत नाहीत आणि पुढे कधी येणारही नाहीत. माझी तक्रार नाही त्यांच्याबद्दल, एवढं कुणी मला जपलंच नव्हतं. पण तुम्ही कुणाच्या हातात काही जपायला द्याल ना, तर बस निघायच्या आत दोन मिनिटं थांबून कसं जपायचं तेही सांगा. आणि त्याच्या हातून चुकलं, तर ते त्याला तुमच्याच तोंडून कळू द्या, घरात, त्याच्याजवळ बसून.